जोडीदार नसला, तरी सहल रम्य होते!

लग्नसराई ओसरू लागली, की पर्यटन कंपन्यांच्या जाहिराती झळकू लागतात. महाबळेश्वर, मनाली, केरळ अशी ठिकाणे बदलतात. पण दर मात्र बहुधा जोडप्यामागे दिलेला असतो. खोलीचे भाडे दोघांत विभागले जाईल, हे त्यात गृहीत असते. त्यामुळे एकट्याने जाणाऱ्यास बरेचदा जादा रक्कम मोजावी लागते. खिशाला बसणारी ही चाट एकवेळ सोसता येते; मनाला बसणारी चाट अधिक जड असते. रम्य स्थळी जायचे ते दोघांनीच, हा समज इतका रुजला आहे, की अविवाहित, विधुर, विधवा किंवा घटस्फोटित व्यक्ती सहलीचा विचारच पुढे ढकलत राहते. खान्देशात तर वाटेत भेटणारा पहिलाच माणूस विचारतो, "एकलाच उना का, भाऊ?"

या प्रश्नाला संकोचून उत्तर देण्याचे कारण नाही. जळगाव-धुळे परिसरातील प्रेमाच्या आणि सौंदर्याच्या प्रसिद्ध कथा पाहिल्या, तर त्यांतील बहुतेक पात्रे एकटीच आढळतात.

अजिंठा : पारो आणि गिल

अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी रेल्वेने येणाऱ्यांसाठी त्यांचे दार जळगावच आहे. अंतर सुमारे ६० किलोमीटर. येथील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी मेजर रॉबर्ट गिल हा ब्रिटिश अधिकारी १८४४ मध्ये आला आणि येथेच रमला. स्थानिक युवती पारो हिच्यावर त्याचा जीव जडला. २३ मे १८५६ रोजी पारोचे निधन झाले. गिलने बांधलेली तिची समाधी अजिंठा गावात आहे. पुढे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्याची बहुतेक चित्रेही भस्मसात झाली. १८७९ मध्ये गिलचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळला आहे. ना. धों. महानोर यांचे 'अजिंठा' हे काव्य आणि त्यावर आधारित २०१२ मधील नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट याच कथेवर बेतलेले आहेत.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभे राहिल्यावर एकटेपणाचा लाभ कळतो. घाई करणारे कोणी नसते, छायाचित्रासाठी बोलावणारेही कोणी नसते. अंधाराला डोळे सरावू द्यावेत. मग रंग हळूहळू उमलू लागतात.

चाळीसगाव : उघडे दार

जळगावहून मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या रेल्वेमार्गावर चाळीसगाव लागते. येथे स्थानकाजवळच्या घरात कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आपले आयुष्य एकाकी व्यतीत केले. टेबलटॉप छायाचित्रणासाठी त्यांची ख्याती होती. पंजाब मेलने येण्याचे वचन प्रेयसीने दिले होते, म्हणून ते रोज रात्री गाडीच्या वेळी दार उघडे ठेवीत आणि दोघांचे जेवण मांडीत, असे सांगितले जाते. ती आली नाही. मात्र त्याच घरात छायाचित्रे, चित्रे, शिल्पे आणि काष्ठकाम यांचा संसार उभा राहिला. आज तेथे त्यांचे कलादालन आहे. प्रतीक्षा आणि निर्मिती एकाच छताखाली कशी नांदते, हे पाहायचे असेल तर येथे अवश्य थांबावे.

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाचा उल्लेख येथील शिलालेखात आहे. ११५० मध्ये सिद्ध झालेल्या 'लीलावती'ची दंतकथाही अशीच. कन्येच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी मांडलेल्या घटिकापात्रात मोती पडला, छिद्र बुजले आणि घटका टळली. तेव्हा पित्याने तिचे नाव ग्रंथाला दिले. मुहूर्त टळला, नाव मात्र साडेआठशे वर्षांहून अधिक काळ टिकले.

धुळे : लळिंगची संध्याकाळ

चाळीसगावहून धुळ्यास रेल्वेचा फाटा जातो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे पत्नीच्या अकाली निधनानंतर पुन्हा संसारात पडले नाहीत. दप्तरांच्या शोधात ते एकटेच गावोगाव हिंडले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. ते पाहून सायंकाळी मुंबई-आग्रा महामार्गावरील लळिंग किल्ला गाठावा. पावसाळ्याच्या अखेरीस हा परिसर हिरवागार असतो. सूर्य मावळण्यापूर्वी मात्र खाली उतरावे.

नियोजन असे करावे

तीन दिवस पुरेसे आहेत : पहिला अजिंठ्याला, दुसरा चाळीसगाव-पाटणादेवीला आणि तिसरा धुळ्याला. ऑगस्ट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; एप्रिल-मे महिन्यांतील खान्देशचे ऊन टाळावे. सोमवारी अजिंठा लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवूनच तिकीट काढावे. फर्दापूर फाट्यावर खासगी वाहन सोडून लेण्यांसाठीच्या बसने पुढे जावे लागते. पाटणादेवीच्या जंगलात एकट्याने आडवाटेला जाऊ नये. स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि परतीची वेळ घरी कळवून ठेवावी.

निवासाचा प्रश्न खरा आहे. एका तालुक्याच्या गावी प्रस्तुत प्रतिनिधीला 'एकट्याला खोली देत नाही' असे ऐकवण्यात आले होते. एकट्या स्त्रीला तर हा अनुभव अधिक वेळा येतो. वास्तविक ओळखपत्र असलेल्या एकट्या प्रौढ व्यक्तीस खोली नाकारावी, असे कोणताही कायदा सांगत नाही. तरीही रात्री दारोदार फिरण्याची वेळ येऊ नये, यासाठी आगाऊ दूरध्वनी करून 'मी एकटाच' किंवा 'एकटीच येणार आहे' असे स्पष्ट सांगावे. अडचण आल्यास ११२ हा क्रमांक आहेच.

जेवणाचीही धास्ती नको. कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि हिवाळ्यात वांग्याचे भरीत यांची चव एकट्याच्या ताटातही तीच असते. निवांत वेळ, सुंदर स्थळ आणि त्याकडे पाहण्याची सवड असली, की सहल रम्य होते. सोबत मिळाली तर आनंदच आहे. पण ती मिळेपर्यंत अजिंठा पाहायचाच नाही, असे कशासाठी? लॉजच्या नोंदवहीत 'व्यक्ती : एक' असे लिहिताना हात अडखळू नये, एवढेच.