जुने वाफेचे इंजिन चालते कसे राहते?

तासगावच्या गणपतीचा रथ दरवर्षी ऋषिपंचमीस हजारो हातांनी ओढला जातो. पटवर्धनकाळापासूनची ही परंपरा टिकून आहे, याचे एक कारण रथ आजही चालतो हे होय. जी वस्तू चालते तिची चाके पाहिली जातात, आस तपासले जातात, झिजलेला भाग बदलला जातो. आणि हे काम जाणणारी माणसेही पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहतात. उभ्या ठेवलेल्या वस्तूच्या वाट्याला एवढी निगा सहसा येत नाही. जुन्या वाफेच्या इंजिनांच्या जतनाचा विचारही याच कसोटीवर करावयास हवा. देशातील अनेक स्थानकांबाहेर अशी इंजिने रंगरंगोटी करून चौथऱ्यांवर ठेवलेली दिसतात. ती डोळ्यांना सुखावतात; परंतु ती चालत कशी होती, हे त्यांच्याकडे पाहून समजत नाही. इंजिन चालते ठेवण्यासाठी काय लागते, याची माहिती येथे देत आहोत.

मिरजेची लहान गाडी

तासगाव शहर लोहमार्गावर नाही. तथापि त्याच्या दक्षिणेस असलेले मिरज हे एकेकाळी रुळांची तिन्ही मापे एकत्र आणणारे स्थानक होते. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. दक्षिणेकडे मीटरगेज होती. आणि पूर्वेकडे पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी नॅरोगेजची, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची, लहान गाडी सुटत असे. ही बार्शी लाईट रेल्वे होय. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभारली. तिचा बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला भाग १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे ती पंढरपूर व लातूरपर्यंत वाढली आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड अशी स्थानके घेत ती दुष्काळी पट्ट्यातून पंढरीकडे जाई. आषाढी-कार्तिकीस वारकऱ्यांची तिच्यावर मोठी भिस्त असे.

कॅलथ्रॉपची कल्पना साधी व मोलाची होती. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यावयाचा नाही, हे त्याचे सूत्र होते. भार असा वाटून दिल्यामुळे हलके रूळ वापरूनही भरपूर माल वाहता येई आणि मार्गाचा खर्च कमी होई. लीड्स येथील किटसन कंपनीने या मार्गासाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना आठ चालक चाके होती, ती याच हेतूने. इंग्लंडमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या लीक-मॅनिफोल्ड या छोट्या लोहमार्गावर कॅलथ्रॉपने बार्शीचाच अनुभव वापरला. सोलापूरच्या माळरानावर सिद्ध झालेली रीत विलायतेस गेली, ही आपल्याकडील शाळांतून सांगण्याजोगी गोष्ट आहे.

१९५४ मध्ये ही कंपनी शासनाने ताब्यात घेतली. कालांतराने वाफेच्या जागी डिझेल इंजिने आली आणि २००८ मध्ये मिरज-पंढरपूर नॅरोगेज गाड्या थांबून मार्ग ब्रॉडगेज करण्यात आला. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. रुळांचे माप बदलले की माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हमालांकरवी भरावा लागे. तो वेळ व खर्च आता वाचला. परंतु मार्ग बदलला म्हणून त्यावर चाललेली विद्याही पुसली जावी, असे नाही.

बॉयलर : इंजिनाचा प्राण

वाफेच्या इंजिनाचे तत्त्व सर्वांस परिचित आहे. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबात ती सुमारे १,६०० पट जागा व्यापू पाहते. बॉयलरमध्ये तिला कोंडून दाब निर्माण केला जातो, ती सिलिंडरमधील दट्ट्या ढकलते आणि दांड्यांच्या साहाय्याने चाके फिरतात. काम झालेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडताना भट्टीतील हवा ओढून घेते. म्हणून चढावर इंजिन जितके जोराने ओढते तितका त्याचा विस्तव अधिक फुलतो. परिचित ‘झुक्‌झुक्‌’ ध्वनी हा या श्वासाचाच होय.

चाके, दांडे, दट्ट्या यांची झीज डोळ्यांस दिसते. बॉयलरची झीज आत होते, आणि धोका तेथेच असतो. भट्टीचे छत सदैव पाण्याखाली असले पाहिजे. पाणी खाली गेले की ते छत उघडे पडून तापते, मऊ होते आणि आतील दाबापुढे टिकत नाही. म्हणून चालकासमोर पाण्याची पातळी दाखविणारी काचेची नळी असते, जादा वाफ सोडणारी सुरक्षा झडप असते आणि छतात शिशाचा गाभा असलेली खीळ बसविलेली असते. पाणी घटले तर शिसे वितळते व वाफ भट्टीत शिरून सूचना देते. इतकी योजना असली तरी अखेरची भिस्त जागरूक माणसावरच असते.

दुसरा शत्रू म्हणजे क्षार. आपल्या भागातील अनेक विहिरी व कूपनलिकांचे पाणी जड असते. ते उकळले की पत्र्यावर थर साचतो, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि धातू भाजून निघतो. यासाठी पाणी आधी मृदू करावे लागते आणि ठरावीक काळाने बॉयलर थंड करून आतून धुवावा लागतो. जुन्या बॉयलरची कसोटी पाण्यानेच घेतात. तो पाण्याने पूर्ण भरून नेहमीच्या दाबाहून अधिक दाब दिला जातो. पाणी फारसे दाबले जात नसल्याने एखादा सांधा उकलला तरी दाब तत्काळ उतरतो. वाफेप्रमाणे स्फोट होत नाही.

साखर कारखान्यात गळीत हंगामापूर्वी बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, हे सांगली-सातारा जिल्ह्यांतील वाचकांच्या पाहण्यातील आहे. त्यापूर्वी नळ्या तपासणे, गळती पाहणे, झडपा जुळविणे हे काम झालेले असते. जुन्या इंजिनाची निगा याच जातीची आहे. सकाळी गाडी न्यावयाची तर विस्तव कित्येक तास आधी घालावा लागतो. घाईने तापविल्यास जाड व पातळ पत्रे कमीअधिक प्रसरण पावतात आणि सांधे ढिले होतात.

माथेरानचा धडा

आपल्या राज्यात हा विषय माथेरानच्या घाटात विशेष स्पष्ट होतो. आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने उभारलेला नेरळ-माथेरान मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. सुमारे २१ किलोमीटर लांबीच्या या मार्गावर २० फुटांस एक फूट असा तीव्र चढ आहे आणि वळणे अत्यंत आवळ आहेत. येथील इंजिनांच्या आखणीतही कॅलथ्रॉपचा हात होता. ती जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यात बांधली गेली. वळणावर कडेचे आस किंचित बाजूस सरकू शकतील, अशी त्यांची रचना होती.

अशा चढावर बॉयलरमधील पाणी एका टोकास जाते. त्यामुळे सपाटीवर पुरेशी वाटणारी पातळी घाटात धोक्याची ठरू शकते. हे ज्ञान पुस्तकात एका ओळीचे असले तरी अंगवळणी पडण्यास वर्षे लागतात. माथेरानच्या जुन्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, तर एक इंग्लंडमध्ये पोहोचले. पुढे वाफेची गाडी पुन्हा दाखवावी म्हणून दार्जिलिंग मार्गाचे इंजिन नेरळला आणावे लागले. घरची इंजिने चालती राहिली असती, तर ही वेळ येती ना.

उलट उदाहरण ‘फेअरी क्वीन’चे आहे. १८५५ मध्ये लीड्स येथे बांधलेले हे इंजिन अनेक दशके स्थिर होते. १९९७ मध्ये ते दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा धावले आणि पुढील वर्षी नियमित चालणारे जगातील सर्वांत जुने इंजिन म्हणून त्याची नोंद झाली. २०११ मध्ये त्याचे काही भाग चोरीस गेल्याने ते थांबले. ते भाग नव्याने बनवून २०१७ मध्ये ते पुन्हा सुरू करण्यात आले. चित्तरंजन कारखान्यात वाफेच्या इंजिनांची निर्मिती १९७२ मध्येच थांबली असल्याने सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ते ओतावे, कातावे व जुळवावे लागतात. किर्लोस्करवाडीसारखी ओतकामाची परंपरा लाभलेल्या आपल्या परिसरास या कामाचे मर्म सांगावयास नको. मात्र एक पथ्य पाळावे लागते. नवा भाग बसविला की त्यावर वर्ष कोरावे, जुना भाग जपून ठेवावा आणि बदलाची नोंद लिहावी. तसे न केल्यास काही वर्षांनी मूळ कोणते व नवे कोणते, हे कोणासच सांगता येत नाही.

माणसांची विद्या

पत्रा नवा करता येतो. हात नवे करणे अवघड आहे. कोळसा भट्टीत कोठे पातळ व कोठे जाड पसरावा, चढ येण्यापूर्वी पाणी केव्हा घ्यावे, धुराच्या रंगावरून विस्तव कसा ओळखावा, हे फायरमन आपल्या ड्रायव्हरशेजारी उभा राहून शिकत असे. वाफेची इंजिने जाऊन दशके लोटल्याने ही विद्या जाणणारे निवृत्त कर्मचारी आज वृद्ध आहेत. वेल्समधील टॅलिलिन या लहान मार्गाने १९५१ पासून निराळी वाट दाखविली. तेथे स्वयंसेवक नागरिकांनी बंद पडू पाहणारी गाडी हाती घेतली आणि जुन्या माणसांकडून काम शिकून ती चालू ठेवली. जतन हे केवळ खात्याचे काम नसून गावाचेही आहे, हा त्यातील बोध होय.

मिरज-पंढरपूर मार्गालगतच्या ग्रामपंचायतींना व शाळांना यात पुष्कळ करता येईल. गावातील निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, फिटर यांच्या मुलाखती विद्यार्थ्यांकडून ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. त्यांत कामाचे वर्ष, इंजिनाचा प्रकार आणि त्यांचे खास शब्द यांची नोंद असावी. जुन्या स्थानकाच्या इमारती, पाण्याच्या टाक्या, कंदील, तिकिटे, छायाचित्रे यांची यादी करावी. रेल्वेच्या मालकीची वस्तू आढळल्यास ती भंगारात जाऊ न देता स्थानकप्रमुखास लेखी कळवावे. चौथऱ्यावरील इंजिनावर छप्पर असावे व त्यात पाणी साचू देऊ नये. जुन्या इंजिनांच्या उष्णतारोधक आवरणात अनेकदा अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने तज्ज्ञांनी तपासल्याखेरीज मुलांना आत चढू देऊ नये.

या कामास मोठा निधी लागत नाही. एक वही, एक ध्वनिमुद्रक आणि थोडी आस्था पुरेशी आहे. मात्र ते लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही. इंजिन गंजले तरी त्याचा सांगाडा उरतो. ते चालविणारा माणूस गेला की त्याने कधी न लिहिलेले ज्ञान त्याच्याबरोबरच जाते.