एकट्याने खेळावयाचे निवांत खेळ

घोटीच्या बाजारपेठेत परवा एका तरुण स्नेह्याने, दिवसभराचा शीण उतरविण्यास मोबाइलवर कोणता खेळ खेळावा, अशी पृच्छा केली.

माझी शिफारस ‘स्टारड्यू व्हॅली’ची. एरिक बॅरोन या अमेरिकन गृहस्थाने एकट्याने सुमारे साडेचार वर्षे खपून २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या या खेळात आजोबांची शेतजमीन आपल्या कब्जात येते, पाण्याकाठी लावलेल्या भाताला निराळे पाणी घालावे लागत नाही, आणि सवडीने गिरणीही बांधता येते. आवणी मात्र तेथे वसंत ऋतूत होते, हे पाहून आपल्या इगतपुरी तालुक्यातील कास्तकारास खचित हसू येईल!

खेळातील दिवस सुमारे १४ मिनिटांत सरतो, म्हणून प्रारंभी जीव उगाच धास्तावतो. परंतु काम राहिले म्हणून तेथे कोणी जप्ती आणीत नाही.

डोंगराची ओढ असणाऱ्यांनी ‘अ शॉर्ट हाइक’ (२०१९) पाहावा. त्यात एक पक्षीण केवळ फोनला रेंज मिळावी म्हणून शिखर चढू लागते, आणि वाटेत मासे धरणे, गप्पा मारणे यांतच रमते; कळसूबाईच्या वाटेवरील मंडळींना हे निराळे सांगणे नलगे. हा मात्र संगणकावर खेळावा. एका सायंकाळी पुरा होतो.

आपणापाशी कोणते यंत्र आहे ते कळवावे, शंका निःसंकोच विचाराव्यात; यथाशक्ति उत्तर देईन.