दारचा हत्ती आणि ब्रेकचा खर्च

एखाद्या घराण्याच्या वैभवाचे वर्णन करताना ‘दारी हत्ती झुलत होते’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आता हत्तींची जागा मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी अशा मोटारींनी घेतली आहे. हत्तीविषयीचे व्यवहारज्ञान मात्र जुनेच लागू पडते : हत्ती विकत घेणे एक वेळ सोपे, त्याला पोसणे अवघड.

नोकरी-व्यवसायानिमित्त बेंगळुरूत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही या व्यवहारज्ञानाची कधी ना कधी आठवण होते. पाच-सात वर्षे वापरलेली आलिशान मोटार मूळ किमतीपेक्षा बऱ्याच कमी दरात मिळते. कर्जाचा हप्ताही आवाक्यात बसतो. परंतु मोटारीची किंमत उतरली, म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. हे सत्य बहुधा ब्रेकच्या निमित्ताने प्रथम उमगते. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर वाहने खोळंबलेली असतात आणि चालकासमोरच्या फलकावर ब्रेकचा दिवा उजळतो. अधिकृत सेवाकेंद्राचे अंदाजपत्रक पाहून गृहस्थ चपापतो. त्याच सायंकाळी एखादा स्नेही सल्ला देतो, “जे. सी. रोडला जा, पुष्कळ स्वस्तात होईल.” दोहोंपैकी कोणता मार्ग धरावा?

दिवा काय सांगतो?

चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड आवळतात व मोटार थांबते. या घर्षणात पॅड झिजणे हा त्यांचा धर्मच आहे. नव्या पॅडवरील घर्षणथर साधारणतः १० ते १२ मिलिमीटर जाडीचा असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला, की पॅड बदलणे इष्ट ठरते. अनेक युरोपीय मोटारींत पॅडमध्ये एक बारीक तार असते. झिजत झिजत ती डिस्कला टेकून तुटली, की दिवा लागतो.

डिस्कचे गणित वेगळे आहे. तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. मोजमाप त्या अंकापेक्षा पुरेसे अधिक असेल व पृष्ठभाग निर्दोष असेल, तर केवळ पॅड बदलून भागू शकते. त्यामुळे ‘डिस्कही बदलावी लागेल’ असे सांगितले गेल्यास ‘मोजून किती भरली?’ हा प्रश्न ग्राहकाने अवश्य विचारावा. या एका प्रश्नावर अंदाजपत्रकातील मोठी रक्कम अवलंबून असते.

अधिकृत सेवाकेंद्र : कशाचे मोल?

अधिकृत केंद्रात अधिक रक्कम मोजताना ग्राहक केवळ पॅड घेत नाही. त्या विशिष्ट प्रतिरूपाचे ज्ञान, कंपनीची संगणकीय साधने आणि कामाची जबाबदारीही घेतो. या गोष्टी क्षुल्लक नव्हेत. विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक असलेल्या मोटारीत मागील पॅड बदलण्यापूर्वी त्या यंत्रणेला दुरुस्तीच्या स्थितीत आणावे लागते. बळजबरीने पिस्टन मागे ढकलल्यास ती बिघडू शकते. २००२ मध्ये आलेल्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये तर अशी विद्युत-द्रवचालित ब्रेकयंत्रणा होती, की ती निष्क्रिय न करता काम हाती घेतल्यास ब्रेक आपोआप आवळले जाऊन कारागिराच्या बोटांना इजा होण्याचा धोका असे.

आणखी एक लाभ विसरू नये. जून २०२२ मध्ये मर्सिडीज-बेंझने २००४ ते २०१५ या काळात तयार झालेल्या एमएल, जीएल व आर-क्लास श्रेणींतील सुमारे १० लाख मोटारी जगभरातून तपासणीसाठी परत बोलावल्या. ब्रेक बूस्टर गंजण्याची शक्यता हे त्याचे कारण होते. अशी दुरुस्ती अधिकृत केंद्रातच आणि विनामूल्य होते. म्हणून मोटार जुनी झाली व नित्याचे काम बाहेर होत असले, तरी चासी क्रमांक देऊन अशी एखादी दुरुस्ती बाकी आहे काय, याची चौकशी करणे हिताचे असते.

स्वतंत्र गॅरेज : काय पाहावे?

म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या नावाचा जे. सी. रोड ही बेंगळुरूतील सुट्या भागांची प्रख्यात बाजारपेठ. शहरात ठिकठिकाणी केवळ जर्मन मोटारींचे काम करणारी गॅरेजही आहेत आणि अधिकृत केंद्रांत उमेदवारी करून बाहेर पडलेले कुशल कारागीर तेथे आढळतात. मोटार कंपन्या पॅड व डिस्क बहुधा स्वतः बनवीत नाहीत. ब्रेम्बो, आटे, टेक्स्टार, ज्युरिड यांसारखे उत्पादक त्या पुरवितात आणि हेच उत्पादक स्वतःच्या नावानेही माल विकतात. खिशाला खरा दिलासा मिळतो तो येथे.

मात्र याच बाजारात नामांकित वेष्टनातील बनावट मालही शिरकाव करतो. तेव्हा भागाचा क्रमांक व उत्पादकाचे नाव लिहिलेले जीएसटी बिल, वेष्टन आपल्यासमोर उघडणे आणि काढलेले जुने भाग परत मागणे, या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. बिलाशिवाय होणारी बचत ही बचत नव्हे. तक्रारीचा पुरावाच आपण त्या सवलतीत विकून टाकतो.

हमी आणि कायदा

‘बाहेर हात लावला, तर वॉरंटी रद्द होईल,’ ही भीती सर्वत्र आढळते. या संदर्भात भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश महत्त्वाचा आहे. आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मर्सिडीज-बेंझ आणि बीएमडब्ल्यू यांचाही त्यांत समावेश होता. सुटे भाग व दोषनिदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करावीत आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करू नये, असे आयोगाने बजावले. बाहेरच्या सदोष कामामुळे नुकसान झाल्यास तेवढ्यापुरती हमी नाकारण्याची मुभा मात्र ठेवली. कंपन्यांनी या आदेशास आव्हान दिले व वाद पुढे लांबला. म्हणून आपल्या हमीपत्रातील शब्द वाचणे हाच सुरक्षित मार्ग होय. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे संकेतस्थळ सुरू केले असून त्यात मोटार उद्योगाचाही अंतर्भाव आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात असावी. पॅडची नैसर्गिक झीज सहसा हमीत बसत नाही आणि विम्यातही नाही. हा खर्च मालकाचाच. तेव्हा कर्जाचा हप्ता ठरवितानाच देखभालीसाठी दरमहा काही रक्कम आवर्ती ठेवीत बाजूला टाकणारा गृहस्थ अंदाजपत्रक पाहून गांगरत नाही.

सुवर्णमध्य

हमीच्या काळात, अथवा यंत्रणा गुंतागुंतीची असल्यास, अधिकृत केंद्र श्रेयस्कर. हमी संपल्यावर पॅड-डिस्कचे सरळ काम योग्य साधने असलेल्या विश्वासू गॅरेजला देण्यास प्रत्यवाय नाही. दोन्ही ठिकाणची लेखी अंदाजपत्रके शेजारी ठेवून भाग किती व मजुरी किती, हे पाहिले की निर्णय सोपा होतो.

परंतु या दोन मार्गांखेरीज एक तिसरा मार्गही असतो आणि मोठ्या रकमेने धास्तावलेला मालक नकळत तोच धरतो : ‘पुढच्या महिन्यात पाहू.’ खरा धोका या तिसऱ्या मार्गावर आहे. रविवारी पहाटे सूर्योदय पाहण्यासाठी कुटुंब नंदी हिल्सवर जाते. परतताना वळणावळणांच्या उतारावर ब्रेक सतत दाबले जाऊन तापतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ताज्या डॉट-४ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंश आहे. ते उकळले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल नुसतेच खाली जाते. म्हणूनच पॅडबरोबर ऑइलही, साधारणतः दर दोन वर्षांनी, बदलावे असे सांगितले जाते.

हत्ती कितीही देखणा असला, तरी त्याच्या पाठीवर बसणाऱ्याची भिस्त माहुताच्या अंकुशावर असते. अंकुश कोणत्या लोहाराकडे घडविला, यापेक्षा तो वेळेवर व नीट घडविला की नाही, याला महत्त्व आहे. घाटातल्या वळणावर हिशेब होतो तो याच गोष्टीचा.