घरगुती दुरुस्तीपूर्वी ट्रॅक्टरची टाकी रिकामी करण्याची रीत

नांगराचा फाळ बोथट झाला, तर तो काढून थेट लोहाराकडे नेता येतो. त्यास पूर्वतयारी फारशी लागत नाही. इंधनावर चालणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पोटात अग्नीचे भक्ष्य सदैव साठविलेले असते. ते बाहेर काढून, उरलेल्या अंशाचाही बंदोबस्त करून, मगच यंत्रास हत्यार लावावे, हा नियम वरवर क्षुल्लक दिसला तरी त्याच्या पालनावर जीवित आणि वित्त ही दोन्ही अवलंबून आहेत. सबब त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

आपल्या बीड जिल्ह्यात ह्या विषयास विशेष महत्त्व आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज इत्यादी तालुक्यांतून सहस्रावधी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परमुलखी जातात व त्यांच्याबरोबर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्याही जातात. गाळपाचा हंगाम आटोपून ही यंत्रे फाल्गुन-चैत्रात गावी परततात आणि मृगापूर्वी त्यांस मशागतीस जुंपावयाचे असते. टाकीचा सांधा झिरपणे, तळाशी गंज व गाळ साचणे, फिल्टर तुंबणे, ही दुखणी त्याच मधल्या महिना-दीड महिन्यात निघतात. मिस्त्री मंडळी त्या दिवसांत कामात गढलेली असल्याने पुष्कळ शेतकरी ही दुरुस्ती घरच्या घरी उरकतात. म्हणजे दुरुस्तीचा हंगाम तोच कडक उन्हाळ्याचा हंगाम होय. आणि खरी मेख येथेच आहे.

डिझेलविषयी एक गैरसमज

‘डिझेल पेट्रोलासारखे भडकत नाही’ असे सर्वत्र ऐकू येते. हे विधान अर्धेच खरे आहे. ज्या उष्णमानास एखाद्या तेलाची वाफ ठिणगी लागताच पेट घेते, त्यास ज्वलनांक म्हणतात. पेट्रोलाचा ज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंश आहे. म्हणून ते ऐन थंडीतही भडकते. डिझेलाचा ज्वलनांक निदान ३५ अंश सेल्सिअस असावा, असे भारतीय मानक सांगते. हिवाळ्यात हे अंतर आपले रक्षण करते. परंतु वैशाखात आपल्याकडे सावलीतील उष्णमानच ४० अंशांवर जाते, आणि उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची पत्र्याची टाकी त्याहूनही तापते. अशा वेळी टाकीतील डिझेल पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा गैरसमज असा की, टाकी रिकामी केली म्हणजे भय संपले. वस्तुस्थिती उलट आहे. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेस जागा नसते. रिकाम्या टाकीत मात्र भिंतींस व सांध्यांस तेलाचा पातळ थर चिकटून राहतो. त्याची वाफ होऊन ती आतील हवेत मिसळते. हवेत शेकडा एक भागाहूनही कमी वाफ स्फोटास पुरते. तात्पर्य, तेल काढणे ही अर्धी कृती आहे. वाफ घालविणे ही उरलेली अर्धी होय.

टाकी रिकामी करण्याचा क्रम

१. काम सकाळच्या गारव्यात, उघड्यावर व सपाट जागी करावे. गोठा, कडब्याची गंजी आणि चूल ह्यांपासून ट्रॅक्टर दूर उभा करावा. इंजिन पूर्ण निवू द्यावे.

२. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोडवावी. एखाद्या हत्याराचा चुकून स्पर्श होऊन उडालेली ठिणगीही अनर्थास पुरते. विडी-काडी तर जवळपासही नसावी.

३. शक्य तर टाकीत तेल थोडे उरले असतानाच काम काढावे. ५० लिटर डिझेलाचे वजन ४१-४२ किलो भरते; इतक्या वजनासह टाकी उतरविताना ती निसटण्याचे भय असते.

४. तळाच्या बुचाखाली झाकणाचा स्वच्छ लोखंडी डबा ठेवावा. टाकीचे वरचे झाकण सैल करावे, म्हणजे हवा आत जाऊन धार एकसारखी पडते. मग बूच सावकाश सोडावे. पाणी डिझेलाहून जड असल्याने पहिल्या धारेत पाणी व गाळ येतो. तो वेगळ्या भांड्यात घ्यावा.

५. बूच गंजून बसले असल्यास त्यावर घण घालू नये. फिल्टरकडे जाणारी नळी सोडवून तेल उतरवावे, अथवा हातपंप वापरावा.

तोंडाने नळी ओढू नये

नळीचे एक टोक टाकीत व दुसरे तोंडात, ही रीत खेड्यापाड्यांतून सर्रास चालते. ती सर्वथा त्याज्य आहे. तेलाचा एखादा घोटही श्वासनलिकेत उतरला, तर फुप्फुसांस गंभीर दाह होतो आणि त्याची लक्षणे कधी कधी काही तासांनंतर दिसतात. असे घडल्यास रोग्यास मुळीच ओकारी काढावयास लावू नये. ओकताना तेल फुप्फुसात जाण्याचा संभव अधिक. त्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय ह्या भागास जवळ आहे. त्याच कारणास्तव काढलेले तेल पाण्याच्या बाटलीत कदापि भरू नये; तहानेलेले मूल रंग पाहत नाही.

डाग देण्याविषयी

टाकी फुटली असता वेल्डिंग करून घेण्याकडे सर्वांचा कल असतो. नुसती रिती केलेली टाकी डाग देण्यास देणे म्हणजे बार भरलेली तोफ हाती देण्यासारखे आहे. ती सोड्याच्या कढत पाण्याने अनेकदा धुवावी लागते, आणि डाग देतेवेळी झाकण व बूच उघडे ठेवून, डागाची जागा तेवढी वर राहील इतके पाणी आत भरावे लागते. इतके करूनही सांध्यात दडलेले तेल तापून वाफ सोडू शकते. म्हणून हे काम घरी करू नये. माहितगार कारागिराकडेच द्यावे, व टाकीत काय होते ते त्यास स्पष्ट सांगावे. पत्रा गंजून विरला असल्यास नवी टाकी घेणेच अंती स्वस्त पडते.

काढलेल्या तेलाची व्यवस्था

तेल झाकून एक दिवस निवळू द्यावे, वरचे स्वच्छ तेल दाट फडक्यातून गाळून घ्यावे व तळचा भाग टाकीत परत घालू नये. तो गाळ विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नये. पाण्यात गेलेले तेल दीर्घकाळ त्यास नासविते. मोटारसायकलचे पेट्रोल डिझेलाच्या डब्यात मिसळू नये. थोड्याशा पेट्रोलानेही डिझेलाचा ज्वलनांक पुष्कळ खाली येतो. पेट्रोल ३० लिटरांहून अधिक साठविण्यास १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यान्वये परवाना लागतो, हेही लक्षात असावे. जवळ वाळूची बादली ठेवावी. तेलाच्या आगीवर पाणी मारल्यास तेल पाण्यावर तरंगत पसरते व आग वाढते.

पुन्हा तेल भरताना

बुचास नवा वॉशर घालावा. तेल भरल्यावर फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा व बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. एरवी इंजिन चालू होत नाही आणि व्यर्थ बॅटरी उतरते. नोझलच्या धारेसमोर हात धरू नये; त्या दाबाने तेल कातडीतून आत शिरते.

ह्या साऱ्या खटाटोपास फार तर अर्धा दिवस लागतो. मृगाच्या तोंडावर अर्धा दिवसही मोलाचा वाटतो खरा. परंतु ज्या घरातील कर्ता पुरुष भाजून अंथरुणास खिळतो, त्या घरची पेरणी अर्ध्या दिवसाने नव्हे, तर संपूर्ण हंगामाने मागे पडते. शेतकरी बंधूंनी हा हिशेब आधीच मांडून मग पान्यास हात घालावा.