लॉटरी रोज कशी निघते? तिकीट, निकाल, कर आणि फोनवर येणारं ‘कल्याण’ नेमकं काय

कल्याण : मुरबाडहून एसटीने कल्याणला उतरलं आणि स्टेशनकडे चालू लागलं की लॉटरीची एखादी टपरी दिसतेच. दोरीला चिमटे लावून टांगलेली रंगीत तिकिटं, काउंटरवर निकालाचा कागद आणि त्यावर बोट फिरवत आपला नंबर शोधणारी दोन-चार माणसं. त्याच माणसांच्या खिशातल्या फोनवर ‘कल्याण आजचा निकाल, ओपन-क्लोज फिक्स’ असा मेसेज आलेला असतो. त्याच फोनवर कधी तरी ‘तुमच्या सिमकार्डाला २५ लाखांची लॉटरी लागली’ असंही येतं.

गावात या तिन्हीला लॉटरीच म्हणतात. प्रत्यक्षात पहिली सरकारची आहे, दुसरा जुगार आहे आणि तिसरी सरळ फसवणूक. फरक कळायला फार शिकलेलं असायला लागत नाही. सरकारी लॉटरी चालते कशी एवढं माहीत असलं की बाकीचं आपोआप दिसायला लागतं.

देशाची लॉटरी नाही, राज्याची आहे

‘राष्ट्रीय लॉटरी’, ‘भारत सरकार लॉटरी’, ‘ऑल इंडिया लकी ड्रॉ’ अशी नावं मेसेजमध्ये दिसतात. इंग्लंडमध्ये तशी देशाची एक लॉटरी आहे. आपल्याकडे नाही. लॉटरी चालवायची की नाही हे ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. केरळने १९६७ मध्ये सुरुवात केली. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली. त्या काळात मुंबईत मटका जोरात होता. लोकांनी त्या नादाला न लागता सरकारी तिकीट घ्यावं आणि पैसा राज्याच्या तिजोरीत यावा, हा त्यामागचा विचार. मटका त्याने बंद झाला नाही, ही गोष्ट वेगळी. तमिळनाडू आणि कर्नाटकने पुढे आपल्याकडच्या लॉटऱ्या बंद केल्या. महाराष्ट्र, गोवा, केरळ, पंजाब, सिक्कीम, नागालँड अशा राज्यांनी त्या चालू ठेवल्या.

आठवड्याला एकच सोडत, तरी रोज निकाल कसा?

देशभरातल्या लॉटऱ्यांसाठी संसदेने केलेला कायदा १९९८ चा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही एका लॉटरीची आठवड्यातून एकापेक्षा जास्त सोडत काढता येत नाही. मग टपरीवर रोज निकाल लागतो तो कसा?

उत्तर तिकिटाच्या नावात आहे. ‘गजलक्ष्मी सोम’, ‘गजलक्ष्मी शुक्र’ अशी नावं नीट वाचली की कळतं, सोमवारची लॉटरी वेगळी आणि शुक्रवारची वेगळी. प्रत्येकीची आठवड्याला एकच सोडत, पण वारानुसार लॉटऱ्या अनेक. त्यामुळे टपरीवाल्याकडे रोज काही ना काही असतंच. साप्ताहिकांखेरीज ‘महाराष्ट्र सह्याद्री’सारख्या मासिक सोडती असतात. गणपती, दिवाळी, नववर्ष, गुढीपाडवा अशा सणांना ‘भव्यतम सोडत’ येते, म्हणजेच बंपर. तिचं तिकीट महाग आणि बक्षीस मोठं. बंपर सोडती वर्षाला सहापेक्षा जास्त काढता येत नाहीत.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०१० च्या केंद्रीय नियमांप्रमाणे एखाद्या राज्याच्या सगळ्या लॉटऱ्या मिळून दिवसाला २४ पेक्षा जास्त सोडती काढता येत नाहीत. आता बाजारपेठेतल्या गाळ्यात टीव्हीसारखा स्क्रीन लावून ‘दर १५ मिनिटांनी सोडत’ चालवणारं एखादं ‘लॉटरी सेंटर’ आठवा. सकाळी ९ ते रात्री ९ धरलं तरी ४८ सोडती होतात. बाहेर पाटी सरकारी लॉटरीची असली तरी आत काय चालतं, ते या हिशोबावरूनच कळतं.

तिकीट घेताना

महाराष्ट्राची लॉटरी कागदी तिकिटाची आहे. पैसे द्यायचे, तिकीट हातात घ्यायचं. फॉर्म नाही, नोंदणी नाही, ओटीपी नाही. तिकिटावर राज्य शासनाचं नाव आणि चिन्ह छापलेलं असलं पाहिजे, कायद्याचीच तशी अट आहे. लॉटरीचं नाव, मालिका, नंबर, किंमत, सोडतीची तारीख आणि वेळ हे सगळं तिथेच वाचायला मिळतं. छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचं कारण नाही.

जीएसटी त्या किमतीतच धरलेला असतो. १ मार्च २०२० पासून तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय. म्हणजे तिकिटाला १४० रुपये मोजले तर त्यातले ४० रुपये कराचेच. उरलेल्या शंभरातून छपाई, विक्रेत्याचं कमिशन आणि सरकारचा वाटा जातो आणि मग बक्षिसं.

महाराष्ट्राच्या लॉटरीचं कार्यालय नवी मुंबईत वाशीला आहे. निकाल टपरीवर लागतो, काही वर्तमानपत्रांत येतो आणि लॉटरी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही बघता येतो. टपरीवाला ‘नाही लागलं’ म्हणाला म्हणून तिकीट लगेच फाडून टाकू नये. संकेतस्थळावर नंबर स्वतः ताडून बघावा. पहिलं बक्षीस नाही लागलं तरी शेवटच्या चार आकड्यांवर छोटं बक्षीस असू शकतं, आणि तेच बघायचं राहून जातं.

लागलंच तर

बक्षीस १० हजार रुपयांच्या आत असेल तर ते विक्रेत्याकडेच मागायचं. त्यावर असेल तर मागणी उपसंचालक (वित्त व लेखा), महाराष्ट्र राज्य लॉटरी, वाशी यांच्या कार्यालयाकडे करायची. शहापूर-मुरबाडच्या माणसाने लोकलने ठाण्याला यावं आणि तिथून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने वाशीला जावं. मूळ तिकीट लागतं, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो चालत नाही. पॅन, आधार आणि बँकेचं पासबुक सोबत ठेवलं तर दुसरी फेरी वाचते. तिकीट भिजलेलं, फाटलेलं किंवा नंबरावर खाडाखोड असलेलं असेल तर अडचण होते, म्हणून ते शर्टाच्या खिशात घेऊन भाताच्या लावणीला जाऊ नये. मागणीची मुदत असते. ती संपली की कायद्याने बक्षिसाची रक्कम सरकारजमा होते, मग कितीही हेलपाटे घातले तरी उपयोग नाही.

आता कर. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर आणि त्या करावर ४ टक्के उपकर, असे एकूण ३१.२ टक्के जातात. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, वर्षाची कमाई मर्यादेच्या आत आहे, आजोबा ज्येष्ठ नागरिक आहेत, यातलं एकही कारण इथे चालत नाही. वर्षभर घेतलेल्या तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. एक लाखाचं बक्षीस लागलं तर ३० हजार आधीच कापले जातात, हातात ७० हजार येतात आणि उपकराचे १,२०० रुपये विवरणपत्र भरताना द्यायचे.

इथे एक गोष्ट पक्की धरून ठेवावी. रोख बक्षिसाचा कर सरकार बक्षिसातूनच कापून घेतं. ‘आधी कर भरा, मग बक्षीस देतो’ असं सरकारी लॉटरी कधीच म्हणत नाही.

शक्यता किती?

समजा एखाद्या लॉटरीत ०००००पासून ९९९९९पर्यंत नंबर आहेत आणि मालिका एकच आहे. म्हणजे तिकिटं एक लाख आणि पहिलं बक्षीस एक. रोज एक तिकीट घेणाऱ्याला सगळे नंबर संपवायला एक लाख दिवस लागतील. वर्षाचे ३६५ धरले तर सुमारे २७४ वर्षं. मालिका दहा असतील तर हाच आकडा २,७४० वर्षांवर जातो. मागच्या आठवड्यात कुठला नंबर आला याचा पुढच्या सोडतीशी काही संबंध नसतो. त्यामुळे ‘हा नंबर बरेच दिवस आला नाही, आता येणारच’ हा हिशोब टपरीवरच्या गप्पांपुरता ठीक आहे.

सणाला एखादं बंपर घेणं ही हौस झाली. पण रोजचे ५० रुपये धरले तर वर्षाचे १८,२५० होतात.

‘कल्याण’ हे आपलं कल्याण नाही

फोनवर ज्या ‘कल्याण’चे चार्ट फिरतात त्याचा कल्याण शहराशी काही संबंध नाही, हे कल्याण-डोंबिवलीतल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते नाव कल्याणजी भगत या माणसाचं. मूळचा कच्छचा, मुंबईत वरळीला किराणा दुकान चालवणारा. त्याच्याआधी मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर आकडा लावला जायचा. बाजार उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव, म्हणून ‘ओपन’ आणि ‘क्लोज’. तिकडून भाव येणं १९६१ मध्ये थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्रीने आपापला आकडा काढायला सुरुवात केली. मडक्यातून चिठ्ठी काढायचे म्हणून मटका. पुढे मडकं जाऊन पत्ते आले, आणि आता तर फोनच आलाय. नावं मात्र तीच राहिली.

मटक्यात शून्य ते नऊपैकी एका आकड्यावर पैसे लावतात आणि आला तर रुपयाला नऊ रुपये मिळतात. ऐकायला बरं वाटतं. पण दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर शंभर-शंभर लावले तर जमले हजार, जिंकणाऱ्याला गेले नऊशे आणि शंभर घेणाऱ्याकडे राहिले. हा झाला प्रामाणिक मटका. ज्या आकड्यावर सर्वात कमी पैसे लागलेत तोच काढायचं ठरवलं तर विचारणार कोण? चिठ्ठी कुठे काढली, कोणी काढली, कोणाला दिसलं, यातलं काहीच लावणाऱ्याला माहीत नसतं.

म्हणूनच १९९८ च्या कायद्याने सरकारी लॉटरीलाही एका आकड्यावर बक्षीस ठेवायला मनाई केली आहे. एका आकड्यावरची ‘लॉटरी’ दिसली की ती सरकारी नाही, एवढं ओळखायला पुरेसं आहे. मटका लावणं आणि घेणं दोन्ही राज्याच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे. तरी नवीन नावाची ॲप येतच राहतात. त्यात पैसे अडकले की लोक तक्रार करायला कचरतात, आपणच अडकू असं वाटतं. आणि हीच भीती ॲपवाल्यांच्या फायद्याची ठरते.

तिकीट घेतलं नाही, तर लागली कशी?

व्हॉट्सॲपवर ‘केबीसी लॉटरी’चा फोटो येतो. अमिताभ बच्चन, मोदी, एखाद्या बँकेचा शिक्का आणि खाली ‘मॅनेजर’चा नंबर. बरेचदा नंबराची सुरुवात +९२ ने असते, म्हणजे पाकिस्तानचा कोड. फोन लावला की गोड बोलतात. आधी फाइल चार्ज मागतात, मग जीएसटी, मग आयकर. पाच हजारांपासून सुरू झालेलं प्रकरण बघता बघता लाखात जातं. आधी भरलेले पैसे बुडतील या भीतीनेच माणूस पुढचे भरतो.

कायद्यातली लॉटरीची व्याख्याच अशी आहे की तिकीट विकत घेऊन भाग घेणाऱ्यांनाच चिठ्ठीने बक्षीस. ज्याने तिकीट घेतलं नाही त्याला लॉटरी लागू शकत नाही. सिमकार्डाला लागत नाही, गॅसच्या नंबराला लागत नाही, आधारलाही लागत नाही.

केरळच्या बंपरचं तिकीट ‘ऑनलाइन घरपोच’ देणाऱ्या जाहिरातीही दिसतात. केरळची लॉटरीही कागदीच आहे आणि तिची ऑनलाइन विक्री होत नाही.

ठाणे जिल्ह्यात ‘लॉटरी’ म्हटलं की अनेकांना आधी म्हाडा आठवतं. शिरढोण, खोणीची घरं तशीच सोडतीने दिली जातात आणि कोकण मंडळाची सोडत ठाण्याच्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात झालेली आहे. पण ती घरांची सोडत, लॉटरीच्या तिकिटांशी तिचा संबंध नाही. तिथे अर्जासोबत भरलेली अनामत घर न लागल्यास परत मिळते. म्हाडाने कोणी एजंट नेमलेला नाही, त्यामुळे ‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याचा प्रश्नच येत नाही.

पैसे गेलेच असतील तर पहिल्या तासाभरात १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे समोरच्याने दुसऱ्या खात्यात फिरवण्याआधी ते गोठवता आले तर मिळण्याची आशा असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा नंबर, समोरच्याचा फोन नंबर, यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट लागतात, म्हणून रागाच्या भरात किंवा घरच्यांना कळू नये म्हणून चॅट डिलीट करू नये. १९३० ला फोन लागला नाही तर आपल्या बँकेच्या ग्राहक सेवा नंबरवर कळवून खात्यातले पुढचे व्यवहार थांबवून घ्यावेत. तो नंबर पासबुकावर किंवा एटीएम कार्डामागे छापलेला असतो. गुगलवर शोधू नये, तिथेही खोटे नंबर टाकलेले असतात.