कोठी यकृताची
फॅटी लिव्हर म्हटलं की दारू नि लठ्ठपणाच आठवतो ना? पण मैत्रिणींनो, काही औषधांनीही यकृतात चरबी साठते. यकृत म्हणजे घरातली कोठीच. रक्तातून चरबी आत येते, जादा साखरेपासून तिथेच बनते. काही जळते, बाकीची पुन्हा रक्तात जाते. शास्त्रज्ञ या चार वाटांचा नकाशा मांडून कुठलं रसायन कुठली वाट बिघडवतं, ते शोधतात. फिट्सवरचं व्हॅलप्रोएट चरबी नीट जळू देत नाही. स्तनाच्या कॅन्सरनंतर ५ ते १० वर्षं घ्यायच्या टॅमॉक्सिफेननंही ही कोठी भरू शकते. सोनोग्राफीत तसं दिसलं, तरी गोळी मनानं बंद करू नका बरं! कॅन्सर उलटू नये म्हणूनच ती असते. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, यकृताच्या रक्ततपासणीचं विचारा.