चाल आधी कानात, मग बोटात



आमचे गाव नोव्हाय. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉईट शहराच्या वायव्येला. इस्राएलमधले आमचे नातेवाईक पाकिटावरचे नाव 'नवी' असे वाचतात आणि विचारतात, "काय हो, एलियाहू हन्नबीच्या नावाचं गाव आहे की काय तुमचं?" तसे काही नाही बरं का! इथले लोक सांगतात की घोडागाडीच्या वाटेवरचा हा सहाव्या नंबरचा थांबा होता, रोमन आकड्यात सहा लिहिला आणि त्याचे झाले नोव्हाय. गोष्ट छान आहे, पण गावाला हे नाव १८३२ सालीच पडले, त्या रस्त्याच्या आधी. तरी गोष्ट काही मरत नाही. कानावर पडलेले असेच टिकते.

आजचा आमचा विषयही कानाचाच आहे. इथल्या लोकसंगीतात फिडल वाजवतात. मुलांनो, फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. वाद्य तेच, तारा त्याच चार, फक्त वाजवण्याची रीत वेगळी. आपल्याकडचे जुने लोकही व्हायोलिनला फिडलच म्हणत. फिडलवाले गोल करून बसतात. समोर कागद नाही. एकजण चाल सुरू करतो, ज्यांना येते ते साथ करतात, ज्यांना येत नाही ते ऐकतात. चालीचे बहुधा दोन तुकडे असतात. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. असे दहा-बारा वेळा फिरले की नवखाही हळूच एखादा सूर धरतो, पुढच्या फेरीला दोन धरतो. कोणी रागावत नाही.

आमची मुले इथल्या शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन शिकतात. नोटेशन समोर असले तर कठीण तुकडाही वाजवतात. कागद काढून घेतला की हात थांबतात. आणि आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे नेमके उलटे. त्यांना एक सूर लिहिता येत नाही, पण मेंदीची, हळदीची, मलिद्याची गाणी गळ्यात भरलेली. एकाच घरात दोन संगीते, आणि मध्ये पूल नाही. म्हणून आम्हाला या फिडलवाल्यांच्या शिकण्याच्या पद्धतीत रस वाटू लागला.

खरे म्हणजे ही पद्धत आपल्याला परकी नाही. आपली नवगावची कथा आठवा. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे कित्येक पिढ्या कोकणच्या गावांत आपले लोक तेल गाळत राहिले आणि त्यांच्या तोंडी राहिला तो 'शमा'. पुस्तक नव्हते, शिकवायला हझान नव्हता. आईने म्हटले, मुलाने ऐकले, एवढ्यावर तो टिकला. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिली मशीद बांधली ती १७९६ साली. तोवरचा सगळा काळ प्रामुख्याने कानावरच निभावला.

नंतर आपल्यात कीर्तन आले. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या आपल्या काही मंडळींनी हिंदू हरिदासांची कीर्तने ऐकली आणि त्याच धर्तीवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत रचली. तेच १८८० साल संगीत नाटकांचेही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' त्याच वर्षी रंगभूमीवर आले. त्या काळच्या मराठी पदांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर काय छापलेले असे? 'चाल' हा शब्द आणि पुढे एखाद्या गाजलेल्या पदाचे नाव. नाहीतर नुसतेच साकी, दिंडी, ओवी, कटाव. सूर लिहिलेले नाहीत. छापणाऱ्याची खात्री होती की वाचणाऱ्याच्या कानात ती चाल आहेच!

आता ती खात्री राहिलेली नाही. पुस्तक हाती आहे, अक्षर वाचता येते, पण 'चाल' पुढचे मूळ पद कोणालाच आठवत नाही. मग ते गायचे कसे? नवगावला ग्रंथ बुडाले आणि कानातले वाचले. आपल्या डोळ्यांदेखत आता ग्रंथ शिल्लक आहेत आणि कानातले बुडते आहे. आम्हाला काळजी वाटते ती याचीच.

इथल्या फिडलवाल्यांवरही अशी वेळ आली होती. नोव्हायपासून तासाभराच्या आत डिअरबॉर्न आहे, मोटारवाल्या हेन्री फोर्डचे गाव. फोर्डला जुन्या नाचांचे आणि फिडलचे भारी वेड. मिशिगनमधल्याच पॅरिस नावाच्या गावचे जेप बिस्बी हे म्हातारे फिडलवाले त्याला फार आवडत. त्यांचे वाजवणे १९२३ साली एडिसनच्या कंपनीने ध्वनिमुद्रित केले, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. १९२६ साली फोर्डने जुन्या नाचांवर पुस्तकही काढले. पण वाचकहो, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच फोर्डच्या 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' या पत्राने १९२० पासून यहुद्यांविरुद्ध विष ओकले. जॅझ संगीतही यहुद्यांनी पसरवले असा आरोप केला. १९२७ साली फोर्डने माफी मागितली, पण व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. फिडलचे संगीत म्हणजे शुद्ध गोऱ्या अमेरिकेचे, असे त्याला दाखवायचे होते. ते खोटेच होते. गुलामगिरीच्या काळापासून काळे फिडलवाले नाचांना वाजवत आले. स्कॉटलंडच्या, आयर्लंडच्या, फ्रेंच कॅनडाच्या चाली त्यात मिसळल्या. १९३८ साली ॲलन लोमॅक्स मिशिगनमध्ये ध्वनिमुद्रणे करत फिरले, तेव्हा बीव्हर बेटावर त्यांना पॅट्रिक बोनर हे आयरिश घराण्यातले फिडलवाले भेटले आणि डेट्रॉईटमध्ये सर्बियन, हंगेरियन वादक भेटले. त्याच फिडलवर आज आपल्या घरातली मुले हात बसवतात, यात आम्हाला गंमत वाटते.

अलीकडची एक गोष्ट मुलांना फार आवडेल. नॉर्थ कॅरोलायनात जो थॉम्प्सन नावाचे काळे फिडलवाले होते. २००५ साली ते ऐंशीच्या पुढे होते. तेव्हा तीन तरुण कलाकार त्यांच्या घरी शिकायला जाऊ लागले. आजोबा वाजवायचे, मुलांनी त्यांच्यासोबत वाजवायचे, तेच शिक्षण. थॉम्प्सन २०१२ साली गेले. पण त्यांच्या चाली त्या मुलांच्या 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' या मंडळीने गावोगाव ऐकवल्या.

आपल्या महाराष्ट्रात तरी वेगळे काय होते? गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार हे आपले थोर व्हायोलिनवादक. भातखंडे आणि पलुसकरांनी स्वरलेखनाची पद्धत दिली खरी, पण तालीम चालली ती गुरूच्या समोर बसून, ऐकून. जपानचे शिनिची सुझुकी यांनीही हेच सांगितले. मूल आपली भाषा आधी ऐकते, मग बोलते, वाचायला शेवटी शिकते, तर व्हायोलिन तसेच का शिकवू नये? नोव्हायमध्ये मोटार कंपन्यांमुळे जपानी कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यामुळे सुझुकींचे नाव मुलांना नवे नाही.

तर बालमित्रांनो, आम्ही घरी जे करतो ते सांगतो.

आधी वाद्याला हात लावायचा नाही. चाल ऐकायची, जेवताना, गाडीत, झोपताना. तोंडाने गुणगुणता येईपर्यंत ऐकायची. गळ्यात नाही ते बोटात येत नाही.

मग घरचा सूर शोधायचा. चाल कुठे येऊन निवांत बसते? तो तिचा 'सा'. व्हायोलिनची प्रत्येक तार खालच्या तारेच्या पंचमात लावलेली असते, म्हणून 'सा' सापडला की 'प' बहुधा शेजारच्या तारेवर मिळतो.

त्यानंतर एक-एक ओळ. मोठ्यांनी म्हणायची, तुम्ही वाजवायची. आधी ठळक सूर, मग मधले, आणि मुरक्या सगळ्यात शेवटी. चुकले तर थांबायचे नाही, ताल सोडायचा नाही.

आमच्या घरात हा प्रयोग मेंदीच्या एका गाण्यावर केला. आजी अश्दोदला, नात नोव्हायला, मध्ये फोन. दोघींनी एकदम गायचे-वाजवायचे म्हटले तर जमेना, कारण आवाज क्षणभर उशिरा पोचतो. मग आजीने एक ओळ म्हणायची, थांबायचे, नातीने वाजवायची, असे ठरले. दुसऱ्या दिवशी आजीने भलत्याच सुरात गाणे धरले. नात म्हणाली, "आजी, काल हा सूर नव्हता!" आजी म्हणाली, "अगं, काल घसा बसला होता. गाणं तेच आहे, तू माझ्या मागनं ये." मग नातीला 'सा' पुन्हा शोधावा लागला. नोटेशन वाचणाऱ्या मुलीला त्या दिवशी कळले की चाल एका सुराला बांधलेली नसते. पुढे आजीने तीच ओळ दुसऱ्यांदा निराळी वळवली. "खरी कुठली?" "दोन्ही खऱ्या. माझी आई तिसरीच म्हणायची." आठ रविवार लागले, पण गाणे बसले.

शब्बाथला आम्ही वाद्य पेटीत ठेवतो आणि रेकॉर्डिंगही लावत नाही. पण गुणगुणायला कोणाची ना आहे? उलट आदल्या आठवड्यात काय पक्के झाले ते शब्बाथच्या जेवणानंतरच कळते!

कोणी म्हणेल, मग नोटेशन नकोच का? तसे आमचे म्हणणे नाही. चाल बसल्यावर ती जरूर लिहावी, पुढच्यांना सापडेल. पण कागदावर आजीची मुरकी पुरती उतरत नाही. ती ऐकूनच घ्यावी लागते, आणि त्यासाठी आजी समोर असावी लागते.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. आपल्या घरात कोणाला गाणे येत असेल तर या महिन्यात एक तरी फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कोणी म्हटले, कुठल्या गावचे, अलिबाग, पेण की रेवदंडा, आणि ते हळदीला म्हणतात, मेंदीला की मलिद्याला, हेही त्यातच बोलून ठेवा. आणि तेवढ्यावर थांबू नका. एका मुलाला जवळ बसवा, त्याच्या हाती फिडल असो, बासरी असो, नाहीतर नुसता त्याचा गळा असो, आणि एक ओळ म्हणा. मुलांनो, तुम्ही फक्त इतकेच म्हणायचे, "आजी, पुन्हा एकदा!"